चष्मा लावून झोपणारी घरमालकीण

आमची घरमालकीण डोळ्यांवर चष्मा लावून झोपायची.

मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "मग स्वप्नात येतात ती माणसं ओळखायची कशी? चष्मा काढून झोपले की सगळे धुकट दिसतात. मागे एकदा नवरा समजून कुणाशी तरी पोटभर भांडले. जवळ आला तर पोस्टमन."

हे सांगताना ती हसली नाही. त्यात हसण्यासारखं काय आहे हेच तिला कळलं नसतं. त्या स्वप्नाच्या दुसऱ्या दिवशी तिनं त्या पोस्टमनला दारात गाठून त्याची माफी मागितली, आणि तोही "असू दे माशीमा, होतं असं कधी कधी" म्हणून सायकलवर बसून गेला. कलकत्त्यात खिदिरपूरच्या आमच्या गल्लीत हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं, आणि सगळे तिला माशीमा, म्हणजे मावशी, म्हणत.

गल्ली गोदीच्या भिंतीमागं. घर दुमजली, वर ती एकटी, खाली आम्ही भाडेकरू. गच्चीवर गेलं की गोदीतल्या क्रेनच्या माना दिसतात. थंडीत सकाळी नदीवरून धुकं येतं आणि त्या माना नुसत्याच हवेत लटकल्यासारख्या वाटतात, खाली धड नाही, काही नाही. त्या वेळी जहाजाचा भोंगा झाला तर तो कुठून आला ते सांगता येत नाही. असल्या जागी म्हातारपणी एकटं राहिल्यावर माणसाला स्वप्नं पडायचीच, असं मी स्वतःला सांगायचो.

मी मूळचा मालवणच्या बाजूचा. चौथीत मास्तरांनी विनाकारण छडी मारली, मी पाटी तिथंच ठेवून घरी आलो, तो परत गेलो नाही. बापाबरोबर होडीवर राहिलो, मग मुंबई, मग इथल्या गोदीत टगवर खलाशी. केवढाली जहाजं आमच्या त्या एवढ्याशा टगनं दोरानं ओढून आत आणायची, आणि दोराला गाठ मी मारायची. मी मारलेली गाठ सुटली असं कुणी म्हणू शकत नाही. आपल्याकडचे साहेब लोक इथं बदलून येतात, बदलून जातात. मी आलो तो राहिलो. गावचे लोक "आता परत ये" म्हणाले, म्हणून तर मुळीच गेलो नाही.

तर घरमालकीण. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, अंगानं किडकिडीत, पांढरी साडी, साडीच्या खांद्याला कायम एक सुई टोचलेली. मला "मराठी" म्हणायची. नावानं कधीच नाही. आमचं बोलणं अर्धं हिंदीत, अर्धं बंगालीत चालायचं. सकाळी उठली की ती सज्ज्यात येऊन रात्रीचा वृत्तान्त द्यायची. कोण आलं होतं, काय म्हणालं, कसं वागलं. वाईट वागला असेल त्याची खैर नसायची.

"मराठी, काल तू माझ्या घरात चिखलाचे पाय घेऊन आलास."

"मी माझ्या खाटेवर झोपलो होतो, माशीमा."

"तो तू इथला. तिथला तू चिखल घेऊन आलास. माफी माग."

शेजारच्या खोलीत कस्टममधला एक कारकून राहायचा. तो अशा वेळी दोन्ही हात जोडून मोकळा व्हायचा. मी नाही मागितली. जे केलं नाही त्याची माफी मी सख्ख्या बापाजवळ मागितली नव्हती, ही तर घरमालकीण. तिनं बोलणं टाकलं. मीही टाकलं. माझी बायको तेव्हा होती, ती म्हणायची, "दोन शब्द बोललात तर जीभ झिजेल का?" मी म्हटलं, झिजेल. मग एका सकाळी वरून आवाज आला, "मराठी, चहा झाला का?" मी वर पाहिलं. ती म्हणाली, "काल रात्री येऊन मागितलीस. जाऊ दे, मी विसरले." अशी ती बाई. आपलं भांडण आपणच मिटवायची, आणि वर मोठेपणाही स्वतःकडंच घ्यायची.

नवरा जहाजावर स्वयंपाकी होता. एकदा गेला तो आलाच नाही, बातमीही नाही. पण स्वप्नात तो रोज यायचा. "आज काय म्हणाला?" असं बायका विचारायच्या. "काय म्हणणार? मासळीत मोहरी जास्त झाली म्हणाला. एवढ्या लांबून येतो आणि नावं ठेवतो." असं म्हणताना तिचा चेहरा सुखी बाईचा असायचा. मी कितीतरी नवरा-बायका एका घरात राहताना पाहिल्यात, एवढं रोजचं बोलणं त्यांच्यात नसतं.

आणि ती गोधड्या शिवायची. आपली गोधडी, त्यांचा कांथा. जुन्या सुती साड्या, धोतरं एकावर एक अंथरायची आणि बारीक धावदोरा घालायचा. दोरा बाजारचा चालत नसे. जुन्या साडीचा काठ पायाच्या अंगठ्यात अडकवून ती त्यातून एकेक रंगीत दोरा ओढून काढायची, आणि ते करताना तोंडानं काहीतरी पुटपुटत असायची. कपडा आधी नाकाला लावायची. "याला अजून दुकानाचा वास येतो, घेऊन जा, आणखी वापर," म्हणून लोकांना परत पाठवायची. शिवताना गोदीत भोंगा झाला की सुई थांबायची. भोंगा विरेपर्यंत टाका पुढं जायचा नाही. का, ते कुणी विचारत नसे.

गल्लीत कुठलंही मूल झालं की त्याचा पहिला कांथा माशीमाचा. पण तिचा एक नियम होता. पोटातलं मूल आधी तिला स्वप्नात दिसलं पाहिजे. दिसलं की उठून सुई घ्यायची. दिसलं नाही, तर कापडाला हात लावायचा नाही, कुणी पाया पडलं तरी. आणि तिनं पाहिलेलं मूल कधी हातचं गेलं नाही, असं गल्लीत म्हणत. मी नाही मानत. पण माझी बायको मानायची आणि आमची मुलगी तर त्यातच वाढली. तिचा स्वतःचा पहिला कांथाही माशीमाचाच.

ही आमची मुलगी एकुलती एक. बंगाली शाळेत शिकली. बंगालीत बाई-पुरुषाला क्रियापद एकच, म्हणून लहानपणी ती "बाबा आली" म्हणायची. मोठेपणी मराठी सुधारलं, पण घाबरली की अजून तसंच बोलते. लग्न होऊन ती न्यू टाउनला गेली. जावई कंपनीत, नागपूरकडचा, माणूस चांगला. तिला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा राहिलं नाही. दोन्ही वेळा तिनं माशीमाला विचारलं होतं आणि दोन्ही वेळा माशीमा म्हणाली होती, "अजून नाही दिसलं गं, खुकी." खुकी म्हणजे छकुली; लग्न झालं तरी तिला ती तसंच म्हणायची. 

तिसऱ्या खेपेला सातवा लागला तशी मी तिला घरी आणली. जावई म्हणाला, "बाबा, आमच्याकडं लिफ्ट आहे, जवळ दवाखाना आहे. तुमच्याकडं एक खोली." मी म्हटलं, "पहिलं बाळंतपण माहेरी. तिची आई नाही म्हणून माहेर संपलं नाही. बाप बसलाय." माझ्यापुढं फार कुणी बोलत नाही.

पण आणली खरी आणि माझीच झोप उडाली. पोरगी घरात एक वस्तू येऊ देईना. जावयानं एस्प्लनेडवरून एवढंसं टोपडं आणलं, तर ते तिनं त्याच पावली परत पाठवलं. रोज सकाळी अंगणात उभी राहून वर मान करायची.

"माशीमा?"

"नाही गं, खुकी. अजून नाही."

की आत येऊन भिंतीकडं तोंड करून निजायची. भात तसाच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मूल व्यवस्थित आहे. आईनं खाल्लं-झोपलं नाही तर मात्र मी काही सांगू शकत नाही." मी तिला म्हटलं, "अगं, बाई म्हातारी आहे, तिला काय दिसतं नि काय नाही." तर माझ्याकडं बघत म्हणाली, "बाबा, तू खरं सांग. तिनं तुला काही सांगितलंय. तू माझ्यापासून काय लपवते?"

लपवते. मी उठलो आणि जिना चढून वर गेलो.

घरमालकीण मुरमुरे निवडत बसली होती. मी उभ्यानंच म्हटलं, "माशीमा, उद्या सकाळी पोरीला सांगा, दिसलं म्हणून."

"दिसलं नाही."

"नाही दिसलं तरी सांगा. पोस्टमन नवरा दिसतो तुम्हाला, एक पोर जास्त दिसलं तर काय बिघडतं?"

तिनं सूप खाली ठेवलं. "मराठी, न पाहिलेलं पाहिलं असं मी कधी म्हटलं नाही. ते म्हटलं की दार बंद होतं. मग कुणी येत नाही."

"कोण येत नाही?"

"कुणीच नाही." सूप पुन्हा उचलत म्हणाली, "तोही नाही."

रागावणं सोपं होतं, म्हणून मी रागावलो. "ठीक आहे. तुम्ही तुमचं दार सांभाळा. गोधडी मी शिवतो."

"तू?"

"बापाबरोबर होडीची शिडं शिवलीत मी."

"मग शिव. पोराला शीड लावून रंगूनला पाठवायचं असेल."

दुसऱ्या दिवशी मी बायकोची ट्रंक उघडली. ती गेल्यापासून उघडली नव्हती. आतल्या तीन साड्या काढल्या, घरात नेसायच्या, धुवून धुवून जाळीसारख्या झालेल्या. एक निळी होती, तिचा निळा रंग आता सांगितला तरच निळा. त्यांना कसलाच वास उरला नव्हता, मी पाहिलं लावून. त्या घेऊन गच्चीवर गेलो, घडी करून एकावर एक अंथरल्या, चार कोपऱ्यांवर गोदीतले लोखंडी नट ठेवले आणि कडेनं शिवायला बसलो. माझी आई कडेनं शिवायची. आधी चारी बाजू पक्क्या करायच्या, मग गोल गोल आत जात मध्यावर संपवायचं.

ऊन नुकतं वर आलं होतं. धुकं गोदीवरून हलत नव्हतं. थोड्या वेळानं जिन्याच्या दारात पांढरी साडी दिसली. ती उंबरा ओलांडून पुढं आली नाही. तिथूनच सुरू झाली.

"ही सुई आहे का सळई?"

मी टाका ओढला.

"कडेनं कोण शिवतं? मूल काय कडेला झोपणार? मूल मध्ये झोपतं. मधून सुरुवात कर."

"कड सुटली की सगळं सुटतं. आमच्याकडं कडेनं शिवतात."

"म्हणून तुम्ही लोक गाव सोडून दुसरीकडं जाता."

"तुमचा नवरा कुठून सुरू करून गेला?"

बोललो आणि वाटलं, हे बोलायला नको होतं. पण ती चिडली नाही. म्हणाली, "तो मधूनच उठून गेला," आणि तिथंच दारात खाली बसली. 

मी शिवत राहिलो. शिडाचा टाका मला येतो, तसा घालत होतो, लांब आणि ओढून. ओढला की कापड गोळा व्हायचं. मी हातानं सारखं करायचो, ते पुन्हा गोळा व्हायचं. बोटाला सुई दोनदा लागली. मी अंगठा तोंडात घातला.

"उसव ते," ती म्हणाली.

"नाही उसवणार."

"एवढाल्या गाठी पाठीला टोचतील त्याच्या."

"टोचू देत. खलाशाचं नातवंड आहे."

"मराठी, तू गाढव आहेस," असं म्हणून ती उठली, तरातरा आली, कापडाच्या अगदी मधोमध मांडी घालून बसली, खांद्याची सुई काढली आणि लागली शिवायला. तिची बोटं अशी चालत होती, जसा पाण्यावर पावलं टाकत एखादा पक्षी जातो. मी कडेला, ती मध्ये. ऊन पाठीवर चढत गेलं, धुकं पातळ झालं, क्रेनच्या मानांना खाली धडं आली. कधीतरी गोदीत भोंगा झाला, लांबलचक. मी सवयीनं तिच्याकडं पाहिलं. तिची सुई थांबली नाही. तिला तो ऐकूच आला नव्हता. मला वाटतं, त्या वेळी ती स्वतः कुठं आहे हेही तिला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. बायकोच्या साड्यांवर बसून दोन म्हातारी माणसं दोन बाजूंनी एकमेकांकडं येत होती, एवढंच.

जिन्यात पावलं वाजली. मुलगी. जिना चढू नको म्हणून बजावलेलं, तरी भिंत धरून धरून वर आली. मी जेवायला आलो नाही म्हणून आली असणार. दारात उभी राहिली आणि तिचं लक्ष माशीमाच्या हाताकडं गेलं. हातातल्या सुईकडं.

"माशीमा," ती म्हणाली. "तुम्ही शिवताय."

घरमालकिणीनं खाली पाहिलं. आपल्या हातात सुई आहे हे तिला तेव्हा कळलं, देवाशप्पथ. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. सकाळी पोरीला तिनं 'अजून नाही' म्हटलं होतं आणि तेव्हापासून मी तिथं होतो. तिचा डोळा लागला नव्हता, हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे तिला.

"दिसलं?" मुलीनं विचारलं.

गच्चीवर कावळा ओरडत होता. मी शिवण घट्ट धरून बसलो.

"दिसली," माशीमा म्हणाली. 

"मुलगी?"

"मुलगी. कान तुझ्या बापासारखे, सुपाएवढे. काय करणार."

मुलगी पायरीवर बसली आणि रडू लागली, मग हसू लागली, मग म्हणाली, "बाबा, खाली भात गार होतोय, मला भूक लागली." मी तिला धरून खाली नेली. ती जेवली, पुन्हा वाढून घेतलं, आणि दुपारभर झोपली. मी वर गेलो तेव्हा घरमालकीण तशीच मधोमध बसून शिवत होती. मी माझ्या कडेला बसून सुई ओवली. आभार मानायची मला सवय नाही आणि हे आभाराच्या पलीकडचं होतं.

दोन दिवसांत गोधडी झाली. तिची शिवण बाहेर आली, माझी आत गेली, आणि जिथं दोघं भेटलो तिथं जास्तीचं कापड अडकून सगळीकडून गोल फुगा आला, ताटाच्या कडेसारखा.

"तुझ्यामुळे," ती म्हणाली.

"तुमच्यामुळे," मी म्हटलं. उसवायचं कुणीच नाव काढलं नाही.

त्यानंतर सज्ज्यातला सकाळचा वृत्तान्त बंद झाला. पहिले काही दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. मग कारकुनानं खालून विचारलं, "माशीमा, काल मी आलो होतो का? काही चुकलं का माझं?" तर म्हणाली, "कुणी आलं नव्हतं." रोज तेच. कुणी आलं नव्हतं. शेजारच्या बायकांनी नवऱ्याचं विचारणं सोडलं. मी चहा घेऊन वर जायचो, माझ्या हातचा, तिला न आवडणारा. चष्मा फळीवर घडी घालून ठेवलेला असायचा. रात्री ती पडून असे, पण झोप नव्हती. पुढं पुढं डोळ्यांखाली काळं झालं, मासळीत मोहरी घालायची विसरू लागली. एकदा मी म्हटलं, "माशीमा, मी सांगतो पोरीला खरं काय ते. माझी मी बघून घेईन." तिनं माझ्याकडं असं पाहिलं की चहाचा कप घेऊन मी खाली आलो.

माघात मुलीला दवाखान्यात नेली आणि मुलगी झाली. दोघी सुखरूप. वेळ आली तेव्हा जावई माझा हात धरून उभा होता, की मी त्याचा, आठवत नाही.

घरी आणली त्या दुपारी घरमालकीण जिना उतरून खाली आली. ती सहसा उतरत नसे. माझ्या खाटेवर बसली आणि हात पसरले. मी गोधडीसकट नात तिच्या मांडीवर दिली. तिनं वाकून पाहिलं, बराच वेळ. कानाजवळचं कापड बाजूला केलं. कान छोटेसे, डोक्याला चिकटलेले. माझे नव्हेतच.

"माशीमा, अशीच होती का?" मुलगी अंथरुणातून म्हणाली, अर्धवट झोपेत.

"झोप तू," माशीमा म्हणाली.

मुलगी झोपली. खोलीत ऊन तिरपं आलं होतं, त्यात धुळीचे कण अगदी सावकाश फिरत होते. लांब गोदीत काहीतरी लोखंडावर लोखंड वाजलं आणि थांबलं. घरमालकिणीची मान खाली गेली. मला वाटलं, बाळाकडं बघतेय. मग घोरणं ऐकू आलं, बारीक. कित्येक दिवसांचं ओझं उतरवल्यासारखी ती बसल्या जागी झोपली होती, हात मात्र बाळाभोवती पक्के. मी बाळ घ्यायला पुढं झालो आणि थांबलो. तिचे ओठ हलत होते. ती कुणाशी तरी बोलत होती. भांडत होती म्हणा ना.

मी भिंतीला टेकून बसलो आणि वाट पाहिली. ऊन खाटेवरून खाली उतरलं.

तिनं डोळे उघडले. आधी छताकडं पाहिलं, मग मांडीवर, मग माझ्याकडं.

"मराठी," ती हळूच म्हणाली, मुलगी उठू नये म्हणून. "आत्ता दिसली."

मी म्हटलं, "काय करत होती?"

"शू," ती म्हणाली. "घे तिला. माझी साडी सगळी भिजली."